जुनी गिटार घेताना दांडीचा कोन आधी पाहावा

तासगावच्या एका शिक्षकांनी दोन गिटारींबद्दल विचारले आहे. त्यांची मुलगी यंदा अकरावीत गेली असून तिला गिटार शिकायची आहे. पहिली गिटार सांगलीत अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून गावी परत निघालेल्या एका विद्यार्थ्याची आहे आणि तो तिचे पाच हजार रुपये मागतो. सरांनी मोजून पाहिले तेव्हा बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जाड तारेची उंची ४ मिलिमीटर भरली. ब्रिजची, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पेटीवरच्या लाकडी ठोकळ्याची, मागची कड किंचित सुटल्यासारखी वाटते आणि तार ताणायची एक चावी फिरवताना अडकते. दुसरी गिटार सरांच्या काकांची, वीस वर्षे माळ्यावर पडलेली आणि फुकट मिळणारी आहे. तिची दांडी रुंद आहे, तारा ब्रिजला गाठ मारून बांधल्या आहेत, त्या पोलादी आहेत आणि बाराव्या फ्रेटपाशी तब्बल ७ मिलिमीटर उंच आहेत. यांतली कोणती घ्यावी, काय दुरुस्त होते आणि काय होत नाही, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी मिरजेत सव्वीस वर्षे तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. हात बसला तो तंबोऱ्यावर आणि सतारीवर, कारण या गावात लाकूड आणि तार यांची ओळख त्याच वाद्यांपासून होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या याच कामामुळे. गिटारी माझ्याकडे नंतर आल्या, सुरुवातीला वर्षाला दोन-चार आणि आता कधी कधी आठवड्याला तेवढ्या. इतक्या गिटारी उघडून आणि जोडून पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की जुन्या गिटारीतले जवळजवळ सगळे दोष थोड्या खर्चात दूर होतात, फक्त दांडी पेटीला जिथे जुळते तिथला तिचा बिघडलेला कोन तेवढा सुधारत नाही. म्हणून गिटार हातात आली की कंपनीचे नाव, पॉलिशची चमक आणि आवाजसुद्धा बाजूला ठेवून आधी हा कोन पाहावा.

कोन का बिघडतो हे समजले की तपासणी आपोआप समजते. साध्या १२ ते ५३ जाडीच्या (इंचाचे हजारावे भाग) सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ओढा सुमारे ७४ किलो होतो, म्हणजे जवळजवळ दीड पोते सिमेंट. हा ओढा रात्रंदिवस एका टोकाला दांडीला आणि दुसऱ्या टोकाला ब्रिजला आपल्याकडे खेचत असतो. वर्षांमागून वर्षे गेली की दांडी मुळापासून पुढे झुकते, ब्रिजच्या मागची तबली, म्हणजे पेटीची वरची फळी, फुगते आणि ब्रिज व मधले गोल छिद्र यांच्यामधली तबली खाली बसते. सगळे वाद्य जणू छिद्रापाशी दुमडू लागते आणि तारा फ्रेटपासून दूर जातात. तंबोऱ्यातही गळ्याचा सांधा सुटला की असेच होते. फरक एवढाच की तंबोऱ्याच्या तारा दांडीवर दाबायच्या नसल्यामुळे तो दोष बरीच वर्षे खपून जातो. गिटारीत तो पहिल्याच दिवशी बोटांना कळतो.

तपासणीसाठी दोन फुटी सरळ लोखंडी पट्टी लागते. ती तारांच्या मधून फ्रेटवर सपाट ठेवून ब्रिजकडे सरकवावी. पट्टीचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला अलगद घासून वर गेले तर कोन उत्तम आहे. टोक माथ्याच्या एखादा मिलिमीटर खाली अडकले तर चालवून घेता येईल. ते दोन मिलिमीटर किंवा त्याहून खाली, ब्रिजच्या अंगावर जाऊन आदळले, तर गिटार नमस्कार करून परत द्यावी. दांडी सांध्यातून सोडवून, तिची टाच (पेटीला जुळणारे बूड) तासून, पुन्हा बसवणे हे काम होत नाही असे नाही. पण महागड्या गिटारीतला सांधा वाफेने सुटेल अशा बेताने केलेला असतो, तर स्वस्त गिटारीत तो कशाने चिकटवला आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. मी अशा दोन गिटारी हट्टाने उघडल्या होत्या. दोन्ही वेळा दांडीच्या टाचेचे तुकडे निघाले आणि झालेल्या खर्चात तशी दुसरी गिटार आली असती.

इथे एक गल्लत फार जण करतात, तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. दांडीचा कोन वेगळा आणि दांडीचा बाक वेगळा. बाक म्हणजे दांडी स्वतः धनुष्यासारखी वाकणे, आणि तो सुधारण्यासाठी दांडीच्या पोटात एक पोलादी सळई बसवलेली असते, जिला ट्रस रॉड म्हणतात. ती फिरवून कोन सुधारेल या आशेने लोक ती आवळत राहतात. माझ्याकडे कराडच्या एका मुलाची गिटार आली होती. तारा उंच आहेत म्हणून कुणीतरी सळईचा नट पूर्ण पिळून टाकला होता. दांडी उलट्या बाजूला वाकली होती, मधल्या फ्रेटवर प्रत्येक सूर खरखरत होता आणि तारांची उंची मात्र जिथल्या तिथे होती, कारण मूळ दोष सांध्यात होता. नट फिरवायला गेलो तर त्याचे आटे गेलेले. सळईच निकामी झाल्यावर त्या दांडीसाठी पुढे करण्यासारखे काही उरले नाही.

बाक पाहायचा असेल तर जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने चौदाव्या फ्रेटवर दाबावी. ताणलेली तार म्हणजे तयार सरळ रेषाच असते. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, फट असावी. फट फार असेल तर सळईचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा आवळावा, तारा पुन्हा सुरात लावाव्यात, अर्धा तास थांबावे आणि मग पुन्हा पाहावे. एका दिवसात अर्ध्या फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नये आणि नट जड लागला तर तिथेच थांबावे. विकत घेण्याआधी मालकाच्या परवानगीने नट किंचित ढिला करून परत मूळ जागी आणून पाहावा. तो मोकळा फिरत असेल तर दांडीचे आयुष्य शिल्लक आहे असे समजायला हरकत नाही.

सर, आता त्या सांगलीच्या विद्यार्थ्याच्या गिटारीकडे येतो. ४ मिलिमीटर हा आकडा ऐकून घाबरून जाऊ नका. तुम्ही मोजले ते जुलैत, पावसाळी हवेत. या दिवसांत तबली ओल पिऊन फुगते आणि तारा थोड्या वर जातात. मात्र कंपासपेटीतल्या पट्टीने मोजले असेल तर शून्याच्या आधीचा कोरा भाग मोजायचा राहून आकडा कमी आला नाही ना, हे एकदा पाहा. शून्य अगदी कडेपासून सुरू होणारी पोलादी पट्टी घ्यावी. ब्रिज सुटलेला असेल तर त्याचाही या उंचीत वाटा आहे. म्हणून आधी ब्रिज, मग दांडीचा बाक, मग नट (सळईचा नव्हे, तर दांडीच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) आणि शेवटी सॅडल (ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकण्याची पट्टी), हा क्रम मोडू नये. उलट क्रमाने काम केले की एकाचा दोष दुसऱ्यावर जातो आणि सॅडल विनाकारण तासले जाते.

ब्रिजची परीक्षा वहीच्या कागदाने होते. कागदाची कड ब्रिजच्या मागच्या बाजूने आत सरकवून पाहावी. एक मिलिमीटरपर्यंत जाऊन थांबली तर ती पॉलिशची कड असते, तिची काळजी नको. तीन-चार मिलिमीटर आत गेली तर ब्रिज सुटू लागला आहे, आणि त्यावर एकच उपाय आहे तो म्हणजे पूर्ण काढून पुन्हा चिकटवणे. फटीत झटपट चिकटणारा गोंद सोडणे किंवा ब्रिजमधून आरपार स्क्रू मारणे हे दोन उपाय आपल्याकडे सर्रास होतात आणि दोन्ही वाद्याचे नुकसान करतात. फटीतला जुना गोंद, धूळ आणि हवा यांच्यावर नवा गोंद धरत नाही. तो फक्त पुढच्या वेळी ब्रिज काढताना तबलीचे तंतू उपटून घेतो.

हे काम मी कसे करतो ते सांगतो, म्हणजे तुमचा कारागीर ते कसे करतो हे तुम्हाला पारखता येईल. आधी तारा उतरवून ब्रिजवरचे मोत्याच्या रंगाचे ठिपके पाहतो, कारण पुष्कळ गिटारींत त्यांच्याखाली दोन बोल्ट दडलेले असतात, आणि ते न काढता ब्रिज उचकटला तर तबली फाटते. मग ब्रिजभोवती चांदीच्या कागदात गुंडाळलेला पुठ्ठा लावून पॉलिश झाकतो आणि ब्रिजवर साधी इस्त्री थोडी थोडी टेकवत लाकूड आतपर्यंत तापू देतो. बोट ठेववणार नाही इतका ब्रिज तापला की रंगाऱ्याची पातळ लवचिक पाती गरम करून मागच्या कडेने आत घालतो. इथे घाई करायची नसते. पाती लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाते की आडवी घुसते हे हाताला कळते, आणि आडवी घुसू लागली की ती काढून दुसऱ्या बाजूने जावे लागते. जुना गोंद मऊ होऊन सुटताना बारीक चुरचुर आवाज येतो. तो आवाज सलग येत राहिला तर ब्रिज साबूत निघणार हे मी न बघता सांगू शकतो. निघाल्यावर दोन्ही पृष्ठभाग खरवडून कोरे लाकूड उघडे करतो. पुष्कळदा असे दिसते की कारखान्यात ब्रिजखालच्या पॉलिशवरच गोंद लावलेला होता आणि प्रत्यक्ष लाकडाला लाकूड निम्म्याच जागेत भिडले होते. तो ब्रिज कधी ना कधी सुटणारच होता.

चिकटवायला मी सुतारकामाचा पिवळा गोंद किंवा आमचा जुना सरस वापरतो. मिरजेतली जुनी वाद्ये सरसानेच जोडलेली असत, आणि वाफ दिली की तो सांधा लाकूड न फाडता उघडतो. पन्नास वर्षांपूर्वीचा तंबोरा आज सुखरूप खोलता येतो तो त्यामुळे. साधा पांढरा गोंद सतत ओढ असलेल्या जागी उन्हाळ्याच्या उष्णतेत हळूहळू सरकतो, म्हणून ब्रिजला तो नको. छिद्रातून लांब हाताचे शिकंजे घालून, आतून लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन, चोवीस तास आवळून ठेवायचे आणि तारा त्यानंतरही आणखी एक दिवस चढवायच्या नाहीत. संध्याकाळी देतो असे कुणी म्हणाला तर ते काम त्याला देऊ नये.

तारांच्या दोन टोकांना असलेल्या नट आणि सॅडल यांच्याबद्दल मिरजेच्या माणसाने बोलायचे तर जवारीचा उल्लेख टाळता येत नाही. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अतिशय सौम्य उताराचा घासलेला असतो, म्हणजे कंप पावणारी तार त्या उतारावर अलगद टेकत राहते आणि आवाजाला ती भरलेली, झणझणीत आस येते, तीच जवारी. त्या उतारासाठी कारागीर तासन्‌तास घासतो, वाजवतो आणि पुन्हा घासतो. गिटारीच्या सॅडलवर नेमके उलटे हवे असते. तार तिथे एका धारदार रेषेवर टेकून ताबडतोब सुटली पाहिजे. माथा सपाट झाला की गिटारीतही जवारी निघते, आणि तिथे मात्र ती खरखर म्हणूनच ऐकू येते. वर्षानुवर्षे वापरलेल्या प्लॅस्टिकच्या सॅडलवर तारांच्या खाचा पडून हेच झालेले असते. मी अशी सॅडल काढून हाडाची नवी घालतो, कारण घोडीसाठी हाड घासण्याची आमची रीतच आहे आणि त्याचा खर्चही फार नसतो.

उंची कमी करण्याचा हिशेब सोपा आहे. सॅडल जेवढे घासावे त्याच्या निम्मी उंची बाराव्या फ्रेटपाशी कमी होते. तुमच्या गिटारीत ब्रिज बसवून आणि बाक काढून ४ चे सुमारे ३.७ मिलिमीटर होतील असे धरू. नवशिक्या हातासाठी जाड तारेखाली २.७ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर उंची मला योग्य वाटते. म्हणजे जाड तारेच्या बाजूने १ मिलिमीटर कमी करायचे आणि त्यासाठी सॅडल २ मिलिमीटर घासायचे. आता तुम्ही एवढेच पाहायचे की सॅडल ब्रिजच्या लाकडाबाहेर किती आले आहे. ते ५ मिलिमीटर असेल तर घासून ३ उरते, तारांना पुरेसा कोन राहतो आणि गिटार घेण्यासारखी आहे. ते आजच २ मिलिमीटर असेल, तर आधीच्या मालकाने सॅडल घासून हा उपाय संपवलेला आहे आणि उंचीचे खरे कारण दांडीच्या सांध्यात आहे, हे पट्टीची तपासणीही तुम्हाला सांगेलच. सॅडल नेहमी खालच्या बाजूने घासावे, म्हणजे माथ्यावरचा गोलावा आणि प्रत्येक तारेचा सूर जुळवण्यासाठी ठेवलेला उतार शाबूत राहतो.

नटकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही आणि शिकणाऱ्याचा निम्मा त्रास तिथेच असतो. मुले सुरुवातीला पहिल्या तीन फ्रेटमध्येच वाजवतात. नटच्या खाचा उथळ असतील तर पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागतो, सूरही चढा निघतो, आणि आपल्या बोटांतच ताकद नाही असे वाटून मूल गिटार ठेवून देते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर पाहावे. तार फ्रेटला जवळजवळ टेकलेली, केसभर फट असलेली दिसली पाहिजे. फट त्याहून मोठी असेल तर तारेच्या जाडीची बारीक कानस घेऊन खाच खोल करतात. हे काम अक्षरशः चार-चार घाशांत होते, पण एक घासा जास्त झाला की मोकळी तार खरखरते आणि नवा नट करावा लागतो, म्हणून ते ज्याच्याकडे योग्य कानशी आहेत त्याच्याकडूनच करून घ्यावे.

फ्रेटवर तारांचे चर पडले असतील तर नखाने लागतात. चर उथळ असेल तर घासून सपाटी आणता येते; खोल असेल तर पहिल्या तीन-चार फ्रेट बदलाव्या लागतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवता येतात, बदलता येतात; गिटारीची फ्रेट लाकडात ठोकलेली असते, म्हणून हे काम वेळखाऊ होते. अडकणारी चावी ही अगदी किरकोळ बाब आहे. दात्यांत वाळलेली घाण असते, नाहीतर स्क्रू जास्त आवळलेला असतो. तेवढ्याने सुटली नाही तर त्या बाजूच्या तिन्ही चाव्यांची पट्टी नवी बसते, फक्त जुन्या भोकांमधले अंतर मोजून न्यावे लागते. फ्रेटबोर्डाला खोबरेल तेल लावण्याची सवय आपल्या घरांत आहे ती सोडावी. ते तेल लाकडात मुरून खवट होते आणि धूळ धरते. ओलसर फडक्याने पुसून, कोरडे करून, वर्षातून एकदा खनिज तेलाचे चार थेंब पुरतात.

सांगली-मिरजेत जुनी गिटार घेताना एक तपासणी अशी आहे की जी इतर गावांत सांगावी लागणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी कितीतरी घरांत शिरले. त्या घरांतली वाद्ये पुसून, वाळवून आजही विकायला येतात, आणि विकणाऱ्याला कधी कधी ते ठाऊकही नसते, कारण दरम्यान दोन मालक बदललेले असतात. मला अशी एक गिटार नीट आठवते. बाहेरून ती देखणी होती, पॉलिश केलेली होती. छिद्रातून मोबाइलचा उजेड आत टाकला आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा फिरवला, तेव्हा तबलीला आतून लावलेल्या आडव्या पट्ट्यांच्या कडेवर बारीक, करड्या गाळाचा थर दिसला, बोट लावल्यावर पिठासारखा निघणारा. मागच्या पाटाच्या आतल्या लाकडावर चहाच्या डागासारखी एक आडवी रेषा होती. पट्ट्या बोटाच्या पेराने ठोकल्यावर दोन ठिकाणी टकटक न येता फटफट असा पोकळ आवाज आला, म्हणजे त्या सुटल्या होत्या. बाजूच्या प्लायचे थर कडेला उघडू लागले होते. ती गिटार मी घेऊ दिली नाही. सुटलेली एखादी पट्टी इंजेक्शनच्या सुईने गोंद सोडून आणि आतून टेकू देऊन बसवता येते, पण थर सुटलेले प्लाय पुन्हा एकजीव होत नाही. म्हणून उजेड आणि आरसा जवळ असू द्या, छिद्राला नाक लावून कुबट वास येतो का पाहा आणि ट्रस रॉडच्या नटावर गंज आहे का ते तपासा.

लाकडाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुढे कुणीतरी सांगेल की अखंड लाकडाच्या तबलीचीच गिटार घ्या, म्हणून लिहितो. छिद्राच्या कडेला पाहिले की कळते. वरच्या रेषा कडेतून तशाच खाली उतरत असतील तर तबली अखंड आहे, आणि बिस्किटासारखे थर दिसले तर प्लाय आहे. अखंड तबलीचा आवाज चांगला असतो आणि वयाबरोबर खुलतो, हे खरे आहे. तथापि, मे महिन्यात तासगावची कोरडी उष्णता आणि जुलैत ओल, अशा हवेत ती आकसते आणि फुगते, आणि दुर्लक्ष झाले तर रेषेवर चिरते. चीर बारीक असेल तर गोंद भरून आतून, चिरेला आडव्या रेषा येतील अशा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या लाकडी चकत्या लावून ती कायमची थांबवता येते. मी चिरलेल्या तबलीला घाबरत नाही आणि चांगली गिटार केवळ चिरेमुळे स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या म्हणेन. पण शिकाऊ मुलीच्या पहिल्या गिटारीला प्लायची तबली पुरेशी आहे, आणि आपल्या हवेत ती अधिक निभावते. दांडीचे लाकूड महोगनीचे असेल तर आम्हा मिरजकरांना ते परके वाटत नाही. तंबोऱ्याच्या दांडीचे तून हे लाकूड त्याच कुळातले आहे आणि रंधा मारताना दोघांचा तांबूस भुसा ओळखीचा वाटतो.

गिटारी कुठे शोधाव्यात, तर जून-जुलै हा या भागात सर्वांत चांगला काळ आहे. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला आणि मिरजेत वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात बाहेरगावची मुले शिक्षण संपवून खोल्या रिकाम्या करतात, आणि सामानात गिटार नेणे अवघड असल्यामुळे ती योग्य भावात देतात. मिरजेत मिशनमुळे चर्चच्या गायनवृंदांची जुनी परंपरा आहे आणि तिथल्या घरांतून कधी कधी उत्तम जपलेल्या जुन्या गिटारी निघतात. अशी गिटार पाहायला गेल्यावर तारा सुरात लावलेल्या असतानाच तपासावी. उतरवलेल्या तारांच्या गिटारीत दांडी आणि ब्रिज आपला दोष दाखवत नाहीत. मालकाने तारा तुटल्या आहेत म्हटले तर नव्या तारांचा संच बरोबर न्यावा, तिथे चढवाव्यात आणि एक तास गप्पा मारत बसावे.

त्या विद्यार्थ्याच्या गिटारीचा कोन बरोबर असेल, सॅडल ५ मिलिमीटर बाहेर असेल आणि आत गाळ नसेल, तर ब्रिज, सॅडल, नट, चावी आणि तारा मिळून माझ्या हिशेबाने दीड ते दोन हजार रुपयांचे काम आहे. ते त्या मुलाला स्वच्छ सांगा, सुटलेला ब्रिज त्याला कागद घालून दाखवा आणि तीन ते साडेतीन हजारांत व्यवहार करा. तारा १० ते ४७ जाडीच्या घाला. त्यांचा ओढा ६० किलोच्या आसपास असतो, म्हणजे बोटांना आणि नव्याने बसवलेल्या ब्रिजलाही सोपा. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर किंवा बंद गाडीत गिटार ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंजाचा तुकडा घालून ती डबी गिटारीच्या पेटीत ठेवावी. पावसाळ्यात तिच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

काकांच्या गिटारीचे निदान तुमच्याच वर्णनात आहे. रुंद दांडी आणि ब्रिजला गाठ मारून बांधायच्या तारा, म्हणजे ती नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आहे. नायलॉनच्या सहा तारांचा ओढा ४० किलोच्याही थोडा खालीच असतो आणि तिची तबली, आतल्या पट्ट्या आणि दांडी तेवढ्याच भारासाठी हलक्या केलेल्या असतात. अशा दांडीत बहुधा सळईही नसते. कुणीतरी तिच्यावर पोलादी तारा चढवल्या आणि वीस वर्षे तो जादा भार तिने तसाच सोसला. त्या तारा आजच काढा, पण एकदम कापू नका. सगळ्या चाव्या थोड्या थोड्या ढिल्या करत सहाही तारा एकत्र उतरवा. मग गिटार पेटीत आडवी, तारांविना, महिनाभर राहू द्या. तबलीचा फुगवटा बराचसा बसतो, सगळा बसेलच असे नाही. त्यानंतर पट्टी लावून कोन पाहा आणि ब्रिजखाली कागद घालून पाहा. क्लासिकल गिटारीत बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची ४ मिलिमीटर असली तरी ती रास्त मानतात, त्यामुळे ७ वरून तिथपर्यंत यायला तुम्हाला वाटते तेवढे अंतर नाही.

कोन गेला नसेल तर ती गिटारही वाचेल, आणि मुलीच्या बोटांना सुरुवातीला नायलॉन मऊ लागेल. तारा साध्या ताणाच्या घ्या आणि त्या घातल्यावर पहिला आठवडाभर सारख्या उतरत राहतात, म्हणून रोज दोन-तीनदा चढवाव्या लागतील. त्यात चावीचा किंवा ब्रिजचा दोष नसतो. आठ-दहा दिवसांनी सूर टिकू लागला की मग उंची मोजा आणि तो आकडा, सॅडलच्या उंचीसह, मला कळवा.